सुटलेलं पोट

कारंज्यात हायवेवरून बाजाराकडे वळलं की तोंडाशीच माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट, पत्रे, पाइप, फवारणीचे पंप, दोर, खिळे. तीस वर्षं मी त्या दुकानात एकतर बसलो, नाहीतर काहीतरी उचललं. चौपन्नाव्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, एका सकाळी ठिबकच्या नळीचं बंडल उचलायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. कंबरेत कोणी पाना अडकवून पिळल्यासारखं झालं. गिऱ्हाइकाने आणि समोरच्या चहावाल्याने धरून मला दुकानामागच्या घरात नेलं. बायकोने पलंगावरची गादी ओढून खाली टाकली आणि म्हणाली, "हलू नोका. जसे हाय तसेच पडा."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी फोटो काढले, गोळ्या दिल्या, झोपून राहायला सांगितलं. ऑपरेशनची गरज नव्हती. दुखणं ओसरल्यावर मात्र त्यांनी बजावलं की मणक्यांना धरून ठेवणारे आतले स्नायू तुम्ही कधी वापरलेच नाहीत, ते जागे केले नाहीत तर हे पुन्हा होणार. आणि सावंगीतल्या एका मुलीचा पत्ता दिला. ती फिजिओथेरपी शिकलेली होती, मोठ्या दवाखान्याच्या रस्त्यावर एका मेडिकलच्या वरचा हॉल तिने भाड्याने घेतला होता आणि तिथे पिलाटे नावाचा व्यायाम शिकवत होती.

नाव ऐकून मला हसू आलं. जवानीत मी सिमेंटची गोणी एकट्याने खांद्यावर घेऊन जिना चढायचो. मला एक पोरगी चटईवर झोपवून काय शिकवणार?

दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायचं ठरलं. आर्वीमार्गे वर्ध्याला एसटीने दोन तास, पुढे ऑटो. एकट्याने जायची मला धास्ती होती, म्हणून बायको सोबत. कंबरेमागे ठेवायची उशी, पाण्याची बाटली, माझा टॉवेल, सगळं तिच्या पिशवीत. हॉलमध्ये मी चटईवर आणि ती भिंतीजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन.

पहिल्या दिवशी त्या मुलीने मला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला सांगितले आणि माझे दोन्ही तळहात माझ्याच बरगड्यांवर ठेवले.

"काका, आता श्वास घ्या."

मी छाती फुगवली. खांदे कानापर्यंत गेले.

"छाती वर नको. बरगड्या बाजूला उघडू द्या, छत्रीसारख्या. पाठीतसुद्धा श्वास जायला पाहिजे."

पाठीत श्वास! मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग ती म्हणाली की सोडताना बेंबी हळूच मणक्याकडे जाऊ द्या. मी फोटो काढताना आपण ओढतो तसं पोट आत ओढलं आणि श्वास कोंडून पडून राहिलो. ती हसली नाही. "हे धरून ठेवणं झालं, काका. धरायचं नाही, आधार द्यायचा. आणि श्वास चालू ठेवायचा."

मग कंबर उचलायची. माकडहाडापासून सुरुवात करून एकेक मणका चटईवरून सुटला पाहिजे आणि खाली येताना एकेक टेकला पाहिजे. माझी पाठ फळीसारखी एकदम वर आली आणि एकदम खाली आपटली.

"कुठे जाणवतंय?" तिने विचारलं.

"दुखत नाही," मी म्हणालो.

"दुखणं नाही विचारत. कुठला भाग काम करतोय, ते विचारतेय."

दुकानातल्या पाच हजार वस्तूंपैकी कुठली कुठल्या फळीवर आहे ते मी डोळे मिटून सांगतो, आणि स्वतःच्या अंगाबद्दल मला एक वाक्य येत नव्हतं. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"उजव्या पायावरच जोर हाय त्याइचा. डावा नुसता ठेवला हाय."

त्या मुलीने माझ्या पायांकडे पाहिलं. डाव्या टाचेखाली बोट घातलं, ते सहज आरपार गेलं. "बरोबर पाहिलंत काकू," ती म्हणाली. मला राग आला. बायकोला माझ्याआधी कळलं, आणि तेही माझ्याच पायाचं.

घरी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी अर्धा तास सराव करायचा होता. मी चटई टाकायचो, बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. "मान ताणून राह्यले तुमी." "श्वास बंद झाला." "पाय आणताना पाठ वर आली पाहा." तिचं एकदाही चुकलं नाही. मी मात्र एकदा भडकून म्हणालो, "तू तुही पोळी पाहा, करपून राह्यली." ती आत गेली. पोळी करपली नव्हती.

त्या व्यायामाने मला बरं केलं, हे सांगायलाच हवं. सहाव्या आठवड्यात मी उताणं झोपून दोन्ही गुडघे काटकोनात उचलले, एक पाय खाली नेऊन नुसता अंगठा टेकवला आणि परत आणला, आणि त्या सगळ्या वेळात कंबर जागची हलली नाही. कुंथावं लागलं नाही, घाम फुटला नाही. पोटाच्या तळाशी काहीतरी शांतपणे घट्ट झालं आणि मला ते कळलं. ती मुलगी म्हणायची, दहा वेळा घाईने करण्यापेक्षा चार वेळा लक्ष देऊन करा. मी गल्ल्यावर बसलो तरी बैठकीची दोन हाडं शोधायचो आणि त्यांच्यावर नीट बसायचो. बाजारातल्या लोकांना सांगायचो, ताकद दंडात नसते राजेहो, ती आत असते. लोक ऐकायचे. कोणी गुडघ्याचं विचारायला यायचं, कोणी मानेचं. मला ते आवडायला लागलं होतं.

आठव्या आठवड्यात एक दिवस आमच्यानंतरची बाई आली नाही. हॉल रिकामा होता. ती मुलगी बायकोला म्हणाली, "काकू, इतके दिवस नुसत्या बघताय. या ना आज चटईवर."

"मी कायले? मले काय झालं?"

"काही झालं म्हणूनच करायचं असं नाही."

बायकोने पिशवी खुर्चीवर ठेवली, लुगड्याचा पदर खोचला आणि झोपली. श्वास घेतला तर बरगड्या पहिल्याच खेपेला बाजूला उघडल्या. कंबर उचलली तर मणके एकामागून एक सुटले. मला दोन महिने लागले होते ते तिने खुर्चीवर बसून शिकून घेतलं होतं. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. पण ती मुलगी चटईशेजारी गुडघ्यांवर बसली. तिने बायकोच्या पोटावर बेंबीच्या वर आडवी बोटं ठेवली आणि डोकं जरासं उचलायला सांगितलं.

बायकोने डोकं उचललं. पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा वर आला, आणि त्या मुलीची तीन बोटं त्यात सहज बुडाली. मी शेजारी उभा राहून ते पाहिलं.

"काकू, बाळंतपणात पोटाचे स्नायू मधून दोन्हीकडे सरकतात. बऱ्याच जणींचे पुन्हा जवळ येतात. तुमचे आलेच नाहीत. म्हणून सगळा भार पाठीवर पडतो. पाठ दुखते ना?"

"दुखते."

"कधीपासून?"

"धाकटी झाली तवापासून. एकोणीस वर्सं झाले."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

बायको वर पंख्याकडे पाहत होती. "सांगतलं होतं," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मला दिवस आठवला नाही, पण जागा आठवली. दुकानाचं मागचं दार, जिथून ती मला चहा द्यायची. धाकटी तेव्हा कडेवर असेल. ती दारात उभी राहून हळू आवाजात म्हणाली होती, "अजी, पोटात काईतरी सुटल्यावानी वाटते." समोर दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, "पोट तर सुटनारच. खाऊन खाऊन सुटलं." ते दोघे हसले. मी पण हसलो. तीही हसल्यासारखं करून आत गेली. त्यानंतर कधी कंबर धरून उभी दिसली की मी बामची डबी पुढे करायचो. दर दिवाळीला पत्रे मोजताना शिडी धरायला तिला बोलवायचो. पाण्याच्या कळशा, गहू, झोपलेली पोरं, सगळं तिने त्या मधून सुटलेल्या पोटाने उचललं आणि मी तिला खादाड ठरवलं.

येताना एसटीत मला काहीतरी बोलायचं होतं. आर्वी गेलं तरी वाक्य जुळेना. शेवटी म्हणालो, "आता तू बी शिक. सोबतच करू."

"हो," ती म्हणाली. त्या एका शब्दात तिने मला मोकळं केलं, आणि मी लगेच मोकळा झालोही. आता वाटतं, तिने त्या दिवशी भांडायला पाहिजे होतं.

तिला वेगळे व्यायाम मिळाले. डोकं उचलायचं नाही, जोर करायचा नाही. श्वास सोडत पोट खालून वर, चेन लावत आणल्यासारखं जवळ घ्यायचं. टाच चटईवरून घसरत न्यायची आणि आणायची. इतकं बारीक की बाहेरून काही दिसायचंच नाही. पण ती ते करायची तेव्हा तिचा चेहरा बदलायचा. हिशेबाचं गणित सुटत आल्यावर पोरांचा होतो तसा. एकदा स्वयंपाकघरातून ती आपणहून म्हणाली, "आज कळशी उचलली ना, तर पाठीच्या आधी पोटानं धरली." एवढं मोठं वाक्य ती स्वतःबद्दल पहिल्यांदाच बोलली असावी.

उन्हाळ्यात माझे वर्ग संपले. त्या मुलीने मला घरी करायची यादी दिली. बायकोला मात्र अजून चार महिने तरी यावं लागेल म्हणाली. बायकोने विचारलं, "मी एकटी येऊ का?" विचारलं त्या मुलीला, पण बघत होती माझ्याकडे. मी म्हणालो, "येजो ना. मी काय नाई म्हणतो?"

ती सकाळच्या एसटीने जायची. भाजी-पोळी करून, झाकून, दुपारी दोनपर्यंत परत. चार वेळा गेली. तिसऱ्या खेपेला पंजाबी ड्रेस घालून गेली, कारण लुगड्यात पाय नीट हलत नाहीत. त्या दिवशी समोरच्या चहावाल्याने विचारलं, "भाऊ, वहिनी आजकाल कुठं जाऊन राह्यल्या?" त्याच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं. पण मी "दवाखान्यात" म्हणालो. पिलाटे म्हणालो नाही. स्वतः जात होतो तेव्हा मी अख्ख्या बाजाराला ते नाव पाठ करून दिलं होतं.

आणि मला थंड भाजी खावी लागत होती. इतकी क्षुल्लक गोष्ट. मोठी अडचण सांगता आली असती तर बरं वाटलं असतं, पण नव्हतीच. दुपारी घरात हाक मारली की ओ येत नव्हती, एवढंच. आणि परत आली की ती वेगळीच उभी राहायची, खांदे खाली, मान मोकळी. मला कसंतरी व्हायचं. हे मी तेव्हा मनातही कबूल केलं नव्हतं.

मृगाच्या तोंडावर पाइप आणि पंपांना गर्दी झाली. सोमवारी जेवताना मी म्हणालो, "थोडे दिवस थांबतं का? हंगाम आटपला का मंग जाजो. दुकानावर मी एकटा पडतो."

मी नाही म्हणालो नव्हतो, हे महत्त्वाचं. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो.

"बरं," ती म्हणाली. पिशवी खुंटीला अडकवली.

हंगाम आटोपला. फवारणी झाली, कापूस फुटला. मी वाट पाहत होतो की ती विचारेल. ती बहुधा वाट पाहत होती की मी म्हणेन. मधे एकदा त्या मुलीचा फोन आला. तिच्या वहीत नंबर माझाच होता, बायकोचा नव्हता. "काका, काकू येत नाहीत, काही झालंय का? थांबवू नका, छान प्रगती होती."

समोर गिऱ्हाईक पत्र्याची जाडी विचारत होतं. मी म्हणालो, "बरी आहे ती आता. काही त्रास नाही." फोन ठेवला. आणि हे मी घरात सांगितलं नाही.

दिवाळीनंतर आर्वीला एका लग्नात गेलो होतो. जेवणाच्या रांगेत ती मुलगी दिसली, ती नवरीच्या नात्यातली निघाली. धावत आली, बायकोचे हात धरले आणि म्हणाली, "काकू! काका म्हणाले तुम्ही एकदम बऱ्या झालात. मला इतकं बरं वाटलं!"

मी ताटाकडे पाहत उभा होतो. बायकोने हात सोडवून घेतले नाहीत. "हो," ती म्हणाली. "बरी हाय मी." वरून त्या मुलीला घरी यायचं आमंत्रणही दिलं. मला वाचवलं, असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. त्या पोरीसमोर आपली शोभा नको, एवढंच तिने पाहिलं असावं.

परतताना गाडीत शेजारी बसलो होतो. तळेगाव गेलं. हायवेला लागलो. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी बरी झाली, हे निदान मले तरी सांगाचं होतं."

मी माफी मागितली. कामाच्या घाईत बोलून गेलो, मंगळवारपासून पुन्हा जा, मी स्वतः नेऊन सोडतो, असं बरंच बोललो. ती म्हणाली, "राहू द्या." पुढचे काही दिवस मी रोज सकाळी दोन चटया टाकायचो. एक माझी, एक तिची. ती तिची चटई ओलांडून झाडू मारायची. आठवड्याने मी ती गुंडाळून ठेवली.

मला एक शिक्षा मात्र मिळाली, आणि ती व्यायामानेच दिली. आता मला दिसत होतं. ती ओट्याशी उभी असली की ओटीपोट पुढे लोंबकळतंय आणि कंबर आत घुसली आहे, हे मला दिसायचं. कळशी उचलताना श्वास कोंडतेय, बरगड्या वर फेकल्या गेल्या आहेत, डाव्या खांद्याने सगळं ओढतेय, हे मला दिसायचं. कुठल्या मणक्यावर भार येतोय ते मी बोट ठेवून सांगू शकलो असतो. पूर्वी दिसत नव्हतं तेव्हा मी झोपायचो तरी नीट. मी म्हणायचो, "दे, मी उचलतो." ती तोवर उचलून झालेली असायची. मी विचारायचो, "दुखते का?" ती म्हणायची, "नाई." एकोणीस वर्षांपूर्वी तिने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. आता मी कान लावून बसलो होतो आणि तिला सांगायचं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या बेंबीशी लिंबाएवढी गाठ आली. तीही तिने मला सांगितली नाही. धाकटी नागपूरहून सुट्टीला आली होती, तिला दिसली आणि ती ओरडतच दुकानात आली. वर्ध्याला नेलं. हर्निया होता. ऑपरेशन झालं, आतून जाळी बसवली, सगळं व्यवस्थित पार पडलं. ती वेळेवर व्यायाम करत राहिली असती तर हे टळलं असतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. डॉक्टर समोर बसले होते, वेळ होता, आणि मी गोळ्यांच्या वेळा विचारत राहिलो.

तीन महिने तिला काही उचलायचं नव्हतं. पाणी मी भरलं, गॅसची टाकी मी बदलली, कपड्यांच्या बादल्या गच्चीवर मी नेल्या. हे सगळं करताना माझी कंबर एकदाही दुखली नाही. बाजारात कौतुक झालं. बाया आपल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. एक जण दुकानात येऊन म्हणाला, "भाऊ, बायकोची अशी सेवा कोनी करत नाई." मी त्याला खिळे तोलून दिले.

तिसऱ्या महिन्यानंतर तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू पोटाचे व्यायाम सुरू करा, कोणाकडून तरी नीट शिकून घ्या. मी लगेच म्हणालो, "मला येतात. मी शिकवतो." बायकोने पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढची खोली झाडली, पंखा लावला, चटई टाकली आणि तिच्या मानेखाली ठेवायला टॉवेलची घडी केली. ती आली. उभ्या उभ्या चटईकडे पाहिलं, वाकून ती उचलली. वाकताना गुडघे दुमडले होते, पाठ सरळ होती आणि श्वास सोडत होती. एकही चूक नव्हती.

"मी करतो ना सोबत," मी म्हणालो. "कुठं चुकलं तर सांगतो."

"मले येते," ती म्हणाली. "तुमी दुकान उघडा."

चटई घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मग चटई झटकल्याचा. मी दाराशी उभा राहिलो, दार ठोठावावं की नाही ते ठरेना. आता रोज सकाळी ती अर्धा तास आत असते. धाकटी फोनवर सांगते की आईने तिला सावंगीच्या त्या ताईंचा नंबर शोधायला लावला आणि आता त्यांच्याशी बोलून करते. मला ते बायकोने सांगितलेलं नाही, मी विचारलेलंही नाही. मी पुढच्या खोलीत माझी चटई टाकतो, उताणं झोपतो, बरगड्यांवर हात ठेवतो. श्वास पाठीपर्यंत जातो आता, अगदी नीट. नऊ वाजता शटर वर करतो आणि गल्ल्यावर बसतो.